थांबबाईंची हरकत

आमच्या वस्ती मंडळाचे नियम कुणी लिहिले ते मला ठाऊक नाही. पण ज्याने लिहिले त्याचं घरी कुणी ऐकत नसणार, एवढं मी सतरा वर्षांच्या कारकुनीच्या जोरावर सांगू शकतो. त्यातला एक नियम असा: मंडळापुढे अर्ज केला की तो दर महिन्याच्या बैठकीत अर्जदाराने स्वतः उभं राहून वाचायचा. मंडळ म्हणणार, 'पुढील बैठकीत विचार करू.' म्हणजे अर्ज आणखी एक महिना जगला. लागोपाठ दोन बैठका चुकल्या की तो मेला. लोक दोन-तीन महिने वाचतात, मग कंटाळतात, आणि मंडळाचं ओझं कमी होतं. थांबबाई मात्र नऊ वर्षं वाचत होत्या.

थांबबाई हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. शाळेसमोरच्या चौकात हातात लाल पाटी घेऊन मुलांना रस्ता ओलांडून द्यायचं काम त्या करायच्या. सकाळी साडेसात ते नऊ, दुपारी साडेबारा ते दोन. अंगात नारिंगी जाकीट, पायात पुरुषी बूट आणि तोंडात एकच शब्द, 'थांब!' ट्रकवाल्यालाही तोच आणि पहिलीतल्या पोरीलाही तोच. आमच्या अध्यक्षांची गाडीसुद्धा त्यांनी एकदा तशीच थांबवली होती. अध्यक्ष धंद्याने दातांचे डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावायची त्यांना सवय, पण त्या दिवशी त्यांचंच उघडं राहिलं.

घरी थांबबाई आणि त्यांची नणंद, दोघीच. दोघींचे नवरे गेलेले, दोन खोल्या, एक गॅलरी, आणि सकाळपासून सुरू होणारी तू-तू मैं-मैं. नणंद शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करून द्यायची. त्यामुळे घरात जिकडेतिकडे पांढरी बटणं. थांबबाई म्हणायच्या, 'आमच्याकडे अंधारात पाय ठेवायची सोय नाही.' नणंद म्हणायची, 'बाहेर साऱ्या गावाला थांबवते आणि घरात हिची जीभ काही थांबत नाही.'

आता अर्जाविषयी. अर्ज होता चौकात सिग्नल बसवावा असा. त्यामागे एक दुपार होती. शाळेतली एक मुलगी, दुसरीतली, पाण्याची बाटली शोधत वर्गात मागे राहिली आणि उशिरा निघाली. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. थांबबाईंची वेळ दोनला संपली होती आणि त्या कोपऱ्यावरच्या दुकानात नणंदेसाठी दोरा घेत होत्या. ब्रेक लागल्याचा आवाज त्यांनी दुकानात ऐकला. मुलगी वाचली. सहा महिने पाय प्लास्टरमध्ये होता. आता मोठी झालीय, चांगली चालते, फक्त जिना उतरताना कठड्याला धरते.

त्या मुलीच्या आईने थांबबाईंना कधी बोल लावला नाही. कुणीच लावला नाही, त्यांची वेळ संपली होती हे सगळ्यांना माहीत होतं. पण पुढच्या महिन्यात त्या रेघांच्या कागदावर अर्ज लिहून घेऊन आल्या आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत, जिथे आमची बैठक भरते, तिथे तिसऱ्या रांगेतल्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या. 'मी खाली सही करणारी, चौकात काम करते. पण मी दिवसभर तिथे नसते. मी नसते तेव्हा कुणीतरी असावं, म्हणून सिग्नल हवा.' एवढाच अर्ज. नऊ वर्षांत सभासदांचा तो पाठ झाला होता. बेकरीवाले सभासद तर त्यांच्याबरोबर ओठ हलवायचे. मी इतिवृत्तात दर वेळी एकच वाक्य उतरवून ठेवायचो, इतकं सवयीचं की पेनाचं टोपण काढायच्या आधीच हात चालू लागायचा.

आणि मग एका शनिवारी तो अर्ज मंजूर झाला. त्याचं कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. शेजारच्या वस्तीने मागवलेला सिग्नल ऐन वेळी त्यांना नको झाला. खांब, दिवे, पेटी, सगळं तयार. मुख्य कचेरीने पत्र पाठवलं की महिनाभरात कुणी घेत असेल तर घ्या. अध्यक्ष म्हणाले, 'आपल्याकडे कुणीतरी सिग्नल मागत होतं ना?' सगळ्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. चार मिनिटांत हात वर झाले, टाळ्या झाल्या. थांबबाई उभ्या राहिल्या, त्यांच्या हातात न वाचलेला अर्ज तसाच होता आणि त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या.

पत्र पूर्ण वाचून दाखवणं हे माझं काम. मी वाचत गेलो. तिसरा परिच्छेद असा होता: जिथे सिग्नल सुरू होईल तिथलं रस्ता-सेविकेचं पद त्याच दिवसापासून रद्द समजावं.

टाळ्या अजून चालूच होत्या. अध्यक्ष म्हणाले, 'म्हणजे?'

मी म्हणालो, 'म्हणजे बाईंचं काम बंद.'

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. एक इथली, एक तिथली, अशा विरत गेल्या. अध्यक्ष अभिनंदन करायला उठले होते. त्यांनी हात पुढे केलाच होता, तो आता सांत्वनासाठी वापरावा की काय असा त्यांना प्रश्न पडला. शेवटी त्यांनी थांबबाईंच्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि 'छान, छान, वाईट झालं,' असं काहीतरी म्हणाले. थांबबाई अजून हसत होत्या. चेहऱ्याला बातमी पोचायला वेळ लागत असावा. मी खाली पाहिलं तर इतिवृत्तात माझ्या हाताने आधीच लिहून टाकलं होतं, 'अर्जदाराने समाधान व्यक्त केले.'

जिन्यात त्यांनी मला गाठलं. 'दादा, हे नक्की काय झालं?'

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'पण सकाळी मी असतेच की. सिग्नल मी नसताना हवा होता.'

'हो, पण ते तसं नसतं.'

'मग कसं असतं?'

मी म्हणालो, 'तीस दिवस हरकतीची मुदत आहे. हरकत आली तर खांब परत जातो. मग वर्षभर तो विषय काढता येत नाही आणि तुमचं काम चालू राहतं.' हरकत कोण घेऊ शकतं, तर चौकाला ज्यांचं दार आहे ते आणि अर्जदार. चौकाला दार असलेली तीन दुकानं, आणि गाड्या समोर थांबणार म्हणून तिघेही दुकानदार खूश. राहिला अर्जदार. स्वतःच्याच अर्जावर कुणी हरकत का घेईल हे नियम लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही. मी कोरा फॉर्म काढून दिला. त्यांनी तो हातात असा धरला की वाटावं, गरम आहे.

पुढचे तीस दिवस मी त्या फॉर्मची वाट पाहिली. मी कारकून आहे, मला बाजू नसते, असं मी नेहमी सांगतो. पण मला तो फॉर्म यायला हवा होता. चौकातून ऑफिसला येताना मला 'थांब' ऐकायची सवय झाली होती. बाजारात नणंद भेटली, ती तर पेटलेलीच होती. 'स्वतःच्या पोटावर स्वतःच पाय आणणारी हीच एक! मी म्हटलं, भर तो कागद. तर म्हणते, विचार करतेय. घड्याळ घेऊन जाते रोज, माझं चांगलं घड्याळ, आणि येऊन वहीत काय काय लिहिते. विचारलं तर सांगत नाही.'

'काय लिहितात?'

'आकडे. मला वाटतं डोकं फिरलंय.'

शेवटच्या दिवशी साडेचारला थांबबाई ऑफिसात आल्या. खिडकी पाचला बंद होते. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे ठेवला. 'हरकत आहे / नाही' यातल्या 'आहे'वर ठळक खूण होती. माझा जीव भांड्यात पडला. खाली कारण लिहिलं होतं: 'पायी जाणाऱ्यांसाठी हिरवा दिवा अठरा सेकंद ठेवला आहे असं चौकात लावलेल्या नोटिशीत लिहिलं आहे. पहिलीच्या मुलांची रांग जायला एकतीस सेकंद लागतात. सहा दिवस मोजले.'

मी खूश होऊन म्हणालो, 'वा बाई, कारण झकास शोधलंत!'

'शोधलं म्हणजे? खरंच एकतीस लागतात. अठरात अर्धी पोरं मधेच राहतील.'

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्या माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटलं त्या वेड पांघरून पेडगावला निघाल्यात. पण तसं काही दिसेना.

'बाई,' मी हळू म्हणालो, 'तुम्हाला सिग्नल नको आहे ना?'

'नको कसा? हवाय. सेकंद वाढवून हवेत.'

'पण हा फॉर्म दिलात तर सेकंद वाढणार नाहीत. खांबच परत जाईल.'

'का?'

'हरकत म्हणजे हरकत. कशाला आहे ते कुणी बघत नाही.'

त्या समोरच्या बाकावर बसल्या. 'मग सेकंदांसाठी कुठला फॉर्म?'

'त्याला फॉर्म नाही.'

'मग मला खांब हवा आणि सेकंदही हवेत, हे कुठे लिहायचं?'

'कुठेच लिहिता येत नाही. आहे तसा खांब घ्या, नाहीतर खांब नाही.'

पंखा फिरत होता. टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून मी शिक्क्याचा डबा त्यांच्यावर ठेवला होता, तो उचलला. शिक्का काढला. 'मारू?' मी विचारलं.

'मारला तर मी राहते?'

'वर्षभर नक्की.'

'आणि वर्षाने?'

'वर्षाने नवा अर्ज. पुन्हा वाचायला सुरुवात.'

त्या म्हणाल्या, 'मला काम सोडायचं नाहीये हो, दादा. खोटं कशाला बोलू? मला आवडतं ते. घरी मी बटणं वेचते. तिथे मी हात वर केला की ट्रक थांबतो. रोज रात्री ठरवते, जाऊन शिक्का मारून घ्यायचा. सकाळी ठरवते, नको. आज आले ती सेकंदांचं निमित्त सापडलं म्हणून आले की सेकंदांसाठीच आले, मला खरंच कळत नाहीये.'

'मग मारतो,' मी म्हणालो. शिक्का शाईवर टेकवलासुद्धा.

'पण दोन वाजून वीस मिनिटांनी मी तिथे नसते,' त्या म्हणाल्या. 'वर्षभर पुन्हा कुणीच नसेल.'

माझा हात तसाच वर राहिला. पाचला दहा कमी होते.

'द्या तो कागद,' त्यांनी हात पुढे केला.

मी दिला. त्यांनी त्याच्या चार घड्या केल्या आणि तो जाकिटाच्या खिशात टाकला. जाताना दारात थबकल्या, मागे वळून पाहिलं, मग गेल्या. मी शिक्का पुसून डब्यात ठेवला. मला तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं. निर्णय त्यांचा होता, तो त्यांना घेऊ दिला, मध्ये लुडबुड केली नाही. घरी जाऊन बायकोला तसं सांगितलंही. ती म्हणाली, 'तुम्ही कधी मध्ये पडलाय?' मला ती दाद वाटली.

दोन आठवड्यांनी खांब उभा राहिला. दिवे जोडणारा मिस्त्री शिडी लावून पेटीत तारा घालत होता आणि मी मंडळातर्फे हजर होतो. थांबबाईंचा शेवटचा दिवस. त्या पाटी काखेत मारून मिस्त्रीपाशी गेल्या. 'हिरवा दिवा किती सेकंदांवर लावताय?'

'अठरा.'

'एकतीस लागतात. बदलायचे तर कुणाला अर्ज करायचा?'

मिस्त्रीला प्रश्नच समजला नाही. 'अर्ज कसला? हे बटण फिरवायचं.' त्याने पेटीतलं अंगठ्याएवढं काळं बटण दाखवलं.

सांगायला हरकत नाही, त्या क्षणी मला मंडळाची सगळी कागदपत्रं त्या चौकात आणून जाळावीशी वाटली. थांबबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी शाळेतून पहिलीचा वर्ग मागवून घेतला, वर्गाच्या बाई पुढे, पोरं मागे, आणि मिस्त्रीला म्हणाल्या, 'मोजा.' मग पाटी वर केली, 'थांब!' आणि सगळी रांग पलीकडे नेली. बत्तीस झाले. एका पोराचा बूट निघाला होता. मिस्त्रीने बटण पस्तिसावर आणलं आणि म्हणाला, 'बस?' त्या म्हणाल्या, 'बस.' दुपारी दोनला दिवा सुरू झाला. मुलं आरडाओरडा करत खांबाभोवती जमली. थांबबाईंनी पाटी आणि जाकीट माझ्याकडे जमा केलं. मी पोचपावती लिहून दिली.

पुढच्या शनिवारी बैठक होती. थांबबाई आल्या. हजेरीवहीत सही केली, खिडकीजवळच्या त्याच खुर्चीवर बसल्या. त्या का आल्यात हे मला कळेना, बहुतेक कुणालाच कळेना. गटाराचं झाकण झालं, कुत्र्यांचा विषय झाला. अर्जांची वेळ आली तसे अध्यक्ष कागदातून मान वर न करता म्हणाले, 'हं, बाई, वाचा.' नऊ वर्षांची सवय. आणि थांबबाई उभ्या राहिल्या. हातात काही नव्हतं. बेकरीवाले लगेच सुरू झाले, 'मी खाली सही करणारी, चौकात काम करते...' आणि खोलीत हशा पिकला. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. थांबबाईही थोड्या हसल्या. 'काही नाही,' त्या म्हणाल्या, 'चुकून उभी राहिले.'

बैठक संपल्यावर मी खुर्च्या एकावर एक रचत होतो. त्या मदतीला आल्या. चार-पाच खुर्च्या झाल्यावर मी म्हणालो, 'सिग्नल चांगला चाललाय. पोरं नीट जातात.'

'बघते मी. गॅलरीतून दिसतो थोडासा.' त्यांनी आणखी एक खुर्ची ठेवली. 'दादा, त्या दिवशी तुम्ही मला तो कागद परत का दिलात?'

'तुम्ही मागितलात म्हणून.'

'मी मागितला. पण शिक्का तुमच्या हातात होता, शाई लागलेली होती. मारून टाकायचात.'

'अहो, पण तुम्हीच म्हणालात ना, दोन वाजून वीस मिनिटांनी...'

'म्हणाले. ते खरंच आहे. आजही तेच म्हणेन.'

'मग? मी मारला असता तर तुम्ही माझ्याशी भांडला असता.'

'भांडले असते. महिनाभर बोलले नसते तुमच्याशी. आणि सकाळी साडेसातला कामावर गेले असते.'

मी म्हणालो, 'बाई, मला खरंच कळत नाहीये, तुम्हाला काय हवं होतं?'

'मलापण नाही कळत,' त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या. 'पण त्या दिवशी तुमच्या खिडकीपाशी दोन्ही बाजूंनी मी एकटीच भांडत होते. एका बाजूने तरी तुम्ही भांडायला हवं होतंत.'

त्यांनी शेवटची खुर्ची माझ्या हातात दिली आणि जिना उतरून गेल्या. मी ती खुर्ची धरून उभाच राहिलो.